घरातलं म्हातारं जनावर

श्रोतेहो, नमस्कार.

पिल्लू घरी कसं आणावं, त्याला काय खायला घालावं, शी-शूची सवय कशी लावावी, हे सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात. मला आज बोलायचं आहे ते त्याच पिल्लाच्या शेवटच्या तीन-चार वर्षांबद्दल. तोंडावरचे केस पांढरे झालेला कुत्रा, खिडकीत उडी मारणं बंद केलेली मांजर. मी प्राण्यांची डॉक्टर नाही. पण साताऱ्यातल्या आमच्या घरात मला कळायला लागल्यापासून कुत्री-मांजरं आहेत आणि त्यातली बरीचशी आमच्यातच म्हातारी झाली. प्राण्यासोबत राहण्यातला सगळ्यात सुंदर काळ हा शेवटचा असतो, असं मला मनापासून वाटतं. आणि याच काळात त्याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

सुंदर का, ते आधी सांगते. आमची भिंगरी नावाची गावठी कुत्री होती. पिल्लू असताना स्वतःच्याच शेपटीमागे गरागरा फिरायची, म्हणून भिंगरी. तरुणपणी ती आमची कमी आणि गल्लीची जास्त होती. दार उघडं दिसलं की पसार. दहा-अकरा वर्षांची झाली आणि तिचं जग आमच्या घराएवढं झालं. माझी सासूबाईंशी चाललेली बोलणी, मुलाचा अभ्यास, रात्रीचं दूध विरजणं, सगळ्याला ती हजर. तिला ऐकू येईनासं झालं, तेव्हा आम्ही तिला हाक मारायच्या ऐवजी जमिनीवर पाय आपटायला लागलो. फरशीतून येणारा तो हादरा तिला पोटाखाली कळायचा आणि ती मान वर करायची. तव्यावर तूप पडल्याचा वास मात्र तिला शेवटपर्यंत मागच्या अंगणातून कळत होता. ती उठायची, थोडं थांबायची, मागचे पाय सावरायची आणि ओट्याशी येऊन उभी राहायची. पहिल्या पोळीचा कोपरा तिचा. आयुष्यभराची ओळख असल्याशिवाय असं बिनबोलाचं समजून घेणं येत नाही. पिल्लाशी ते होत नाही, पिल्लू फक्त गोड असतं.

आता काळजीकडे येते, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

म्हाताऱ्या जनावराचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आपल्या तोंडचं एक वाक्य. "वय झालंय आता त्याचं." उठायला वेळ लागतो, वय झालं. खात नाही, वय झालं. पाणी फार पितो, वय झालं. एकदा असं म्हटलं की दवाखान्यात जायचं कारणच उरत नाही. पण म्हातारपण हा आजार नाही. त्या नावाखाली लपलेला आजार पुष्कळदा बरा होण्यासारखा असतो, निदान आटोक्यात ठेवण्यासारखा तरी असतोच.

सांध्यांचं घ्या. कुत्रा सांधे दुखतात म्हणून ओरडत नाही. तो जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबतो. गुडघा किंवा मनगट चाटत बसतो. पूर्वी ज्या मुलाला अंगावर लोळू द्यायचा, त्याच्यावर आता गुरगुरतो, आणि आपण म्हणतो तापट झाला. तापट झालेला नसतो, दुखत असतं. मांजर तर दुखणं त्याहून जास्त लपवते. ती फक्त उंचावर जाणं सोडते आणि पाठीचे केस चाटून साफ ठेवणं सोडते, त्यामुळे कमरेजवळ केसांच्या गाठी दिसायला लागतात.

यावर घरात करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं पुष्कळसं फुकट आहे. आपल्या घरांमधल्या गुळगुळीत फरश्या म्हाताऱ्या कुत्र्याला फार वाईट. मागचे पाय फाकतात, तो घसरतो आणि मग उठायलाच भितो. जेवणाच्या ताटलीपासून झोपायच्या जागेपर्यंत आणि तिथून दारापर्यंत जुनी सतरंजी, गोणपाट किंवा न सरकणारी रबरी पट्टी टाका. नखं वाढली असतील तर कापून घ्या. तळव्याच्या गाद्यांमधले केस कापा. पाण्याचं भांडं विटेवर उंच ठेवा, म्हणजे मान फार खाली न्यावी लागत नाही. आणि वजन वाढू देऊ नका. म्हातारा झाला म्हणून चार बिस्किटं जास्त घालण्याचं आपलं प्रेम त्याच्या गुडघ्यांना महागात पडतं.

इथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते, कृपा करून लक्षात ठेवा. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी जनावराला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते, तिच्या शरीराला ते औषध पचवताच येत नाही. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. प्राण्यांसाठीची वेगळी औषधं मिळतात, ती डॉक्टरांनी वजन करून ठरवायची असतात.

डोळ्यांत निळसर, धुरकट झाक दिसली की लोक मोतीबिंदू समजून हवालदिल होतात. वयानुसार डोळ्यातलं भिंग घट्ट होतं आणि तशी झाक येते, त्यात बऱ्यापैकी दिसत असतं. मोतीबिंदू वेगळा, तो पांढरा दिसतो. कोणता ते डॉक्टर पाहून सांगतात. दिसत नसलं तरी घरातल्या खुर्च्या-पलंग आहेत तिथेच ठेवले तर कुत्रा घरभर व्यवस्थित फिरतो.

अंगाला हात लावून ताप आहे असंही पटकन ठरवू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त. त्यापेक्षा पाण्यावर लक्ष ठेवा. अचानक जास्त पाणी प्यायला लागला, लघवी वाढली, तर मूत्रपिंड किंवा मधुमेह तपासायला हवा. कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल, ती माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत खूप पाणी पीत असेल, मलूल असेल, उलट्या करत असेल, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. अशा वेळी सोमवारपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. भिंगरीच्या आधीची आमची कुत्री यातून वाचली, ती डॉक्टरांनी रात्री ऑपरेशन केलं म्हणून.

आणि रेबीजची लस. "आता तर घरातच असतो, कशाला?" असं म्हणू नका. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस काय, जनावर काय, वाचणं जवळजवळ अशक्य. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये ही लस पहिल्यांदा एका मुलाला दिली, इतकी ती जुनी आणि भरवशाची आहे. घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही दर वर्षी ती टोचून घ्या. कुणाला कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

पैशांबद्दल बोलायला आपण संकोचतो. म्हाताऱ्या प्राण्याचा खर्च तरुणाहून जास्त असतो. रक्ताची तपासणी, सोनोग्राफी, सलाईन, रोजच्या गोळ्या. नोकरदार माणसाला सुट्टी मिळत नाही, लग्नाला जायचं तर घरी कोण थांबणार, भाड्याचं घर बदलायचं तर मालक आधी कुत्र्याचंच विचारतो. या सगळ्याची ओढाताण मला माहीत आहे. मुंबईकरांना परळचं आहेच, तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून सुरू आहे. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथे गाई-म्हशींची गर्दी असली तरी कुत्र्या-मांजरांना पाहतात. पिल्लू घरात आल्या दिवसापासून महिन्याला थोडे पैसे त्याच्या नावानं बाजूला टाकावेत, एवढंच मी सुचवेन.

पण या ओढाताणीतून काही माणसं जो मार्ग काढतात, तो मला सहन होत नाही. म्हातारा कुत्रा गाडीत घालायचा आणि घाटात, धाब्याशी, नाहीतर परक्या वस्तीत सोडून यायचं. आयुष्यभर आयतं जेवलेला, ऐकू न येणारा, मागचे पाय लटपटणारा जीव. त्याला तिथली कुत्री फाडतात, नाहीतर तो गाडीखाली येतो. दिवसेंदिवस तो सोडल्या जागेवरून हलतही नाही, कारण तुम्ही परत येणार असं त्याला वाटत असतं. उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. कायदा नसता तरी तो गुन्हाच होता.

आता शेवटाबद्दल.

काही जनावरं झोपेत जातात. सगळ्यांच्या नशिबी ते नसतं आणि मग निर्णय आपल्यावर येतो. भिंगरीच्या वेळी डॉक्टरांनी आम्हाला कॅलेंडरवर खुणा करायला सांगितल्या होत्या. दिवस बरा गेला तर बरोबरची खूण, वाईट गेला तर फुली. बरा म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितलं. स्वतःहून खाल्लं का, स्वतःहून उठली का, अंगाखाली घाण न करता बाहेर जाता आलं का, आपल्याला पाहून शेपटी हलली का. फुल्या जास्त व्हायला लागल्या की बोलू, म्हणाले. त्या कॅलेंडरनं आम्हाला फार मदत केली. रोज मन वेगळं सांगतं, कागद तेच सांगतो.

दयामरण कसं देतात हे माहीत नसल्यानं लोक घाबरतात, म्हणून सांगते. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. जनावर गाढ झोपतं. मग शिरेतून भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा जाते आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. एखादा श्वास नंतरही आल्यासारखा दिसतो, लघवी होते, पण तोपर्यंत त्याला काही कळत नसतं. त्या वेळी तिथे थांबा. थांबवत नाही असं वाटलं तरी निदान गुंगी येईपर्यंत थांबा, म्हणजे त्याला शेवटचा वास तुमच्या हाताचा येईल.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना "त्याला झोपवलं" असं सांगू नका. मुलं मग स्वतः झोपायला भितात. "पळून गेला" असंही नको, ती वाट बघत राहतात. मेला, हाच शब्द वापरा आणि मुलांना रडू द्या. घरात दुसरा कुत्रा किंवा मांजर असेल तर मृतदेह त्याला हुंगू द्यावा, असं बरेच डॉक्टर सांगतात. पुढचे काही दिवस तो जेवला नाही, दाराशी बसून राहिला, तर नवल मानू नका.

पुरायचं असेल तर जागा स्वतःची हवी, खड्डा खोल हवा, विहीर-बोअरपासून लांब हवा. शहरात ही मोठीच अडचण होते. मुंबईत मालाडला महापालिकेनं २०२३ मध्ये लहान प्राण्यांसाठी दाहिनी सुरू केली. अशी सोय प्रत्येक जिल्ह्याच्या गावी हवी, आणि ती आपण नगरपालिकेकडे मागायला हवी.

मग लोक भेटायला येतात आणि म्हणतात, "कुत्रंच होतं ना, दुसरं आणा." वाईट हेतूनं नाही म्हणत. पण आपल्याकडे जनावराचं दुःख करणं नवं नाही. बैल गेला की शेतकऱ्याच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. त्याला बांधाशी पुरतात, काही घरांत दहावा-तेरावाही करतात. आमच्या साताऱ्याजवळ, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात. छत्रपतींना आपल्या कुत्र्याची समाधी बांधताना संकोच वाटला नाही. मग आपण ऑफिसमध्ये डोळे पुसताना डोळ्यात कचरा गेला असं का सांगावं? दुःख झालंय म्हणून सांगा आणि जमलं तर एक दिवसाची रजा टाका.

उरलेली औषधं, सलाईनच्या बाटल्या, सतरंज्या तशाच ठेवू नका. औषधांची मुदत पाहून ती डॉक्टरांकडे द्या, ते गरजूंना देतात. अंथरुणं प्राण्यांच्या निवाऱ्यात लागतात, थंडीत तर फारच.

आणि पुन्हा प्राणी आणायचा का, हे महिनाभरात ठरवायची काही गरज नाही. आणायचा झालाच तर माझी एक विनंती आहे, विशेषतः घरी साठी-सत्तरीची माणसं असतील त्यांना. पिल्लू आणू नका. पिल्लू बूट चावतं, रात्री उठवतं, ओढत नेतं, आणि पुढची बारा-पंधरा वर्षं त्याला कोण पाहणार हाही प्रश्न असतो. निवाऱ्यात जा आणि सहा-सात वर्षांचे कुत्रे कुठे आहेत ते विचारा. सगळे पिल्लांच्या पिंजऱ्याशी गर्दी करतात, या कुत्र्यांना कुणी विचारत नाही. त्यांचा स्वभाव दिसलेला असतो, शी-शूची सवय बहुतेकांना असते, आणि संध्याकाळच्या एका फेरीवर ती खूश असतात. नेण्याआधी दोन-तीनदा भेटून या, नखांना आणि कानांना हात लावू देतो का ते बघा, लसींची वही मागून घ्या. घरी आणल्यावर पहिले काही दिवस तो कोपऱ्यात बसेल, खाणार नाही. त्याला तिथेच राहू द्या, ताटली तिथेच न्या आणि पाहुण्यांना थोडे दिवस येऊ नका म्हणून सांगा.

नमस्कार.