पहिला पगार आणि प्रदेशाचे माप

श्रोतेहो, नमस्कार.

अभ्यासक्रम तोच, नोंदणी तीच, रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहिल्यावर अंगावर येणारी जबाबदारीही तीच. तरीही नव्याने पात्र ठरलेल्या दोन परिचारिकांच्या पहिल्या पगारात, केवळ त्या वेगवेगळ्या प्रदेशांत रुजू झाल्या एवढ्याच कारणाने, मोठे अंतर पडू शकते. हे अंतर न्याय्य आहे का, असे आपण लगेच विचारतो. मला त्याआधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, तो असा की हे अंतर कोणत्या मापाने ठरले? तिथल्या राहणीच्या खर्चाने, पगार देणाऱ्याच्या ऐपतीने, की तिथे माणूस टिकवून धरण्याच्या गरजेने? ही तीन मापे एकाच ठिकाणी लावली, तर त्यांची उत्तरे बहुधा एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिल्या मापाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण इंग्लंडचे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत २००४ पासून एक समान वेतनरचना आहे आणि नवी परिचारिका तिच्या ‘बँड ५’ या श्रेणीत दाखल होते. २०२५-२६ या वर्षासाठी या श्रेणीचे सुरुवातीचे वार्षिक वेतन ३१,०४९ पौंड होते. देशाच्या उत्तरेकडील लहान शहरात काय किंवा दक्षिण किनाऱ्यावर काय, मूळ आकडा हाच. मात्र लंडनच्या अंतर्भागात त्यावर २० टक्के, बाह्य भागात १५ टक्के आणि भोवतालच्या पट्ट्यात ५ टक्के पूरक भत्ता मिळतो. त्याला किमान आणि कमाल मर्यादाही आहेत. म्हणजे अंतर्भागात पहिला वार्षिक पगार ३७,००० पौंडांच्या वर जातो. या पद्धतीचा गुण असा की कामाचे मोल सगळीकडे एकच मानले जाते आणि प्रदेशाचा फरक वेगळ्या नावाने, उघडपणे, वेतनपत्रकावर दिसतो. तिची अडचण सीमारेषेपाशी सुरू होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही घरभाड्याच्या दृष्टीने अत्यंत महाग शहरे या पट्ट्याच्या बाहेर पडतात, त्यामुळे तिथल्या नव्या परिचारिकेला यातला एकही पौंड मिळत नाही.

समान वेतनामागची भावना उदात्त असली, तरी तिची किंमत कोणीतरी मोजतच असते. कॅरल प्रॉपर आणि जॉन व्हॅन रीनन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्लंडमधील रुग्णालयांची तुलना केली होती. ज्या भागांत रुग्णालयाबाहेरच्या नोकऱ्यांचे पगार चढे होते आणि परिचारिकांचे वेतन मात्र राष्ट्रीय पातळीवर बांधलेले होते, तिथे हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेल्या रुग्णांच्या मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. त्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. बाहेर अधिक पगार मिळत असेल तर अनुभवी मनुष्यबळ रुग्णालय सोडते, रिकाम्या जागा तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनी भरल्या जातात आणि अनोळखी विभागात, अनोळखी सहकाऱ्यांसोबत काम करणाऱ्याच्या हातून दक्षतेचे बारकावे सुटतात. वेतनाच्या तक्त्यातला एक आकडा अशा रीतीने थेट अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचतो.

ब्रिटनच्याच राज्यसंस्थेत, इंग्लंडची सीमा ओलांडून स्कॉटलंडमध्ये गेले की आकडा बदलतो, कारण तिथले वेतन तिथले सरकार ठरवते. २०२५-२६ मध्ये बँड ५ ची सुरुवात तिथे ३३,२४७ पौंडांपासून होत होती. पण माझ्या मते खरा फरक पहिल्या पगाराच्या आधीच पडलेला असतो. इंग्लंडने २०१७ मध्ये परिचर्येच्या नव्या विद्यार्थ्यांची जुनी शिष्यवृत्ती बंद करून त्यांना शुल्कासाठी कर्जाच्या मार्गावर आणले; २०२० पासून वर्षाला किमान ५,००० पौंडांचे अनुदान सुरू झाले, तरी शुल्काचे कर्ज राहिलेच. स्कॉटलंडने तेथील पात्र विद्यार्थ्यांसाठी शुल्क माफ ठेवले आणि वर्षाला १०,००० पौंडांची शिष्यवृत्तीही दिली. त्यामुळे एकीच्या पगारातून ठरावीक उत्पन्नमर्यादेवरील रकमेच्या ९ टक्के कर्जफेड वजा होते, तर दुसरीच्या पगारातून शुल्कापोटी काहीच वजा होत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये तर हेच प्रादेशिक अंतर संपापर्यंत गेले. वेतन इतर भागांच्या मागे पडल्यामुळे डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या परिचारिकांनी काम थांबवले. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या त्यांच्या संघटनेच्या १०३ वर्षांच्या इतिहासातला तो पहिला संप होता.

आता दुसरे माप, म्हणजे पगार देणाऱ्याची ऐपत. फिलिपिन्समध्ये २००२ च्या परिचर्या कायद्याने सरकारी रुग्णालयांतील परिचारिकेचे किमान वेतन १५ व्या श्रेणीत ठेवले, पण प्रत्यक्षात नेमणुका त्याहून खालच्या ११ व्या श्रेणीवरच होत राहिल्या. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली, मात्र पैशाची व्यवस्था संसदेने करायची असेही सांगितले. अंमलबजावणी २०२० मध्ये झाली. कायदा झाला तेव्हा जन्मलेले मूल एव्हाना अठरा वर्षांचे झाले होते! त्यातही स्थानिक स्वराज्य संस्थांच्या नोकरीत १९८९ चा वेतनविषयक कायदा आड येतो. त्यानुसार नगरपालिकेचा उत्पन्नवर्ग जितका खालचा, तितकी तिच्या वेतनाची कमाल टक्केवारी कमी. मूळ कायद्यात पहिल्या वर्गाच्या नगरपालिकेला राष्ट्रीय दराच्या ९० टक्के, तर सहाव्या वर्गाच्या नगरपालिकेला ६५ टक्के अशी मर्यादा होती. म्हणजे जिथे डॉक्टर क्वचित पोहोचतो आणि परिचारिकेवरच सारी भिस्त असते, अशा गरीब वस्तीत तिला सर्वांत कमी पगार देण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे.

भारतात हेच माप खाटांच्या संख्येआड दडलेले दिसते. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाच्या प्रश्नावर जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले, त्यानंतर केंद्र सरकारने समिती नेमली आणि तिने शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकेइतके वेतन, १०० हून अधिक खाटांना त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० हून कमी खाटा असल्यास दरमहा किमान २०,००० रुपये. वरवर पाहता यात प्रदेशाचा उल्लेखही नाही. परंतु मोठी रुग्णालये मोठ्या शहरांत एकवटतात आणि लहान गावात सहसा लहान रुग्णालयच असते. शिवाय तुलना राज्य सरकारच्या वेतनाशी असल्याने राज्याराज्यांतला फरकही या सूत्रात आपोआप उतरतो. त्या शिफारशीच होत्या, हेही विसरता येत नाही. त्या लागू करणे राज्यांवर सोपवले गेले. केरळने दीर्घ आंदोलनानंतर २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली.

तिसरे माप, म्हणजे माणूस टिकवण्याची गरज, सर्वांत कमी ठिकाणी गांभीर्याने घेतले गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दुर्गम भागातील आरोग्य कर्मचाऱ्यांविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक शिफारशी केल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारून मांडल्या; त्यांत आर्थिक प्रोत्साहनाबरोबर निवास, शिक्षण आणि बढती यांचाही विचार आहे. स्कॉटलंड दूरच्या बेटांवरील कर्मचाऱ्यांना स्वतंत्र भत्ता देतो. नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडील फिनमार्क आणि उत्तर ट्रोम्स भागात राहून काम करणाऱ्यांचे शैक्षणिक कर्ज दरवर्षी काही अंशी माफ होते आणि त्यांना आयकरातही सवलत मिळते. ही सोय केवळ परिचारिकांसाठी नाही, पण कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेल्या नव्या परिचारिकेला तिचा मोठा आधार वाटू शकतो. मला ही रीत विशेष पटते, कारण तिथे राहून पुरे केलेले प्रत्येक वर्ष मोजले जाते.

दुर्गम भागाची आणखी एक अडचण पगाराच्या आकड्यात दिसत नाही. पंचक्रोशीत एकच रुग्णालय असेल, तर परिचारिकेला दुसरीकडे जाण्याचा पर्याय नसतो आणि मालकाला पगार वाढवण्याची निकड नसते. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके एकाच मोठ्या मालकाचा बाजार समजावताना परिचारिकांचेच उदाहरण वारंवार देतात, ते यामुळे. अशा ठिकाणी पगार ‘बाजारभावाने’ ठरतो असे म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही, आणि म्हणून कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनाची सर्वाधिक गरज तिथेच असते.

ज्या श्रोत्यांच्या हाती आज दोन प्रदेशांतली दोन नेमणूकपत्रे असतील, त्यांनी वरच्या ठळक आकड्यापाशी थांबू नये. रात्रपाळी आणि रविवारचा दर निराळा असतो. इंग्लंडच्या बँड ५ मध्ये रात्री आणि शनिवारी मूळ दरावर ३० टक्के, तर रविवारी ६० टक्के अधिक मिळतात. घरभाडे, कर्जफेड, निवृत्तिवेतनाची वर्गणी आणि नोंदणीशुल्क वजा जाता काय उरते, ते मांडून पाहावे. पुढची वेतनवाढ केव्हा, हेही लेखी विचारावे, कारण त्याच बँड ५ मध्ये दर वर्षीची सर्वसाधारण वाढ वगळता परिचारिका पहिली दोन वर्षे सुरुवातीच्याच पायरीवर राहते.