गाळलेलं रीळ

अध्यक्ष महोदय आणि पाऊस असूनही आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर माझा विषय ‘सूर्य ते अर्धसत्य : कथेची पटकथा होताना’ असा छापलाय. त्यावर बोलणारच आहे. पण आधी एक जुनी तक्रार आहे, तेवढी ऐकून घ्या.

१९८४ साली आम्ही चौघे बेळगावच्या शहापुरातून चालत कॅम्पातल्या एका टॉकीजला गेलो. नाव सांगत नाही, मालकांचे कुणी पाव्हणे इथं बसलेले असायचे. रात्रीचा शेवटचा खेळ. ‘अर्धसत्य’ हा हिंदी सिनेमा ८३ चा, आमच्याकडं आला पुढच्या साली. वाट बघायची सवय आम्हाला बेळगाव महाराष्ट्राबाहेर गेलं त्या १९५६ पासूनची, त्यामुळं तक्रार ती नव्हे.

पडद्यावर फौजदार वेलणकर आणि समोर दादा शेट्टी. बेळगावात याहून सोयीची वाटणी असते का? हसा, हसा. मागं माझे कन्नड मित्र बसलेत, त्यांनी हा विनोद तीनदा सोसलाय.

तर मध्यंतरानंतर लाईट गेली. डाकू पकडला वेलणकरनं, श्रेय गेलं दुसऱ्याच अधिकाऱ्याला, हा दारूकडं वळला, आणि अंधार. बिड्या पेटल्या, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी अंधारातच शेंगा फोडत बसला होता. अर्ध्या तासानं लाईट आली. ऑपरेटरला घर गाठायचं असणार, त्यानं मधलं एक रीळ सरळ गाळलं! आम्हाला दिसला तो थेट निलंबित वेलणकर.

परत येताना कपिलेश्वराच्या फाटकात मालगाडीनं अडवलं. निलंबन कशामुळं, यावर तिथंच खल झाला. शेवटचा डबा जायच्या आत निकाल लागला : माणूस प्रामाणिक, म्हणून वरच्यांनी अडकवला. सीमाभागातल्या माणसाला अन्याय झाला एवढं सांगितलं की पुरावा लागत नाही.

पुढं मास्तरकी केली. ऑफ तास मिळाला की पोरांना हाच वेलणकर रंगवून सांगायचो. किती पोरं त्यामुळं पोलिसात गेली देव जाणे.

गेल्या वर्षी नातीनं लॅपटॉपवर सिनेमा लावून दिला. आणि ते रीळ आलं. कोठडीत एक भुरटा चोर, साधा ट्रान्झिस्टर चोरल्याचा आळ. वेलणकर त्याला बडवतोय, दुसऱ्यांचे हक्क चोरतोस म्हणून ओरडतोय. तो मरतो. निलंबन त्यासाठी होतं.

‘‘आजोबा, हा तर खुनी आहे की!’’

‘‘थांब, शेवट बघ,’’ मी म्हटलं.

शेवटी वेलणकर शेट्टीचा गळा आवळतो. त्या रात्री टॉकीज टाळ्यांनी दणाणलं होतं, मी तर खुर्चीवर उभा होतो. आता हातातला चहा गार झाला. नातीनं विचारलं, ‘‘त्या रेडिओवाल्याचं नाव काय होतं?’’ मला सांगता आलं नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

मूळ कथा ‘सूर्य’ श्री. दा. पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. माझा मुद्दा एवढाच, की सिनेमाची चावी शेट्टीकडं नाही, वेलणकरच्या बापाकडं आहे. अमरीश पुरींचा हवालदार बाप बायकोवर हात टाकतो, पोरगं बघत राहतं. त्याला शिकायचं होतं, बापानं पोलिसात घातलं. तो हात घरातून कोठडीत जातो आणि कोठडीतून शेट्टीच्या गळ्याशी. मधली कोठडी काढली की उरतो हिरो. आमच्या ऑपरेटरनं नेमकं तेच केलं. दिलीप चित्र्यांची कविता वेलणकर झालेल्या ओम पुरींच्या तोंडी येते, तिच्यावरही बोलायचं होतं. शेट्टी झालेल्या अमरापूरकरांचा हा पहिलाच हिंदी सिनेमा, त्यावरही.

दुसरी चिठ्ठी.

त्या चौघांतला एकच मित्र आता गावात आहे. त्याला फोन करून ते रीळ सांगितलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘‘गप की रे, आपण बघितलेलाच बरा होता.’’

कथेचं राहिलंच. ते पुढच्या खेपेला.