जिन्याखालचा लाल ठिपका

[दृश्य : रात्र, अंधारी बैठकीची खोली]
पुण्यातला एक फ्लॅट. रात्रीचे पावणेबारा. दिवे बंद, पंखेही मुद्दाम बंद केलेत. तरी अंधारात एवढे ठिपके, म्हणजे बंद दिसणारी यंत्रंही वीज खातायत. टीव्हीखाली लाल, राउटरचे हिरवे, आणि मायक्रोवेव्हवर कायम चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ.

[दृश्य : जिन्याखालचं मीटर, टॉर्च]
खाली आजोबा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे आहेत. या मीटरचा दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तसं त्याच्यावर छापलेलंच असतं. फ्रिज तेवढ्यापुरता बंद ठेवलाय. त्याचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू झाला तर मोजणी फसते.
लुकलुकला... आणि पुन्हा. मध्ये गेले ३० सेकंद. एका लुकलुकण्याला ११२५ वॅट-सेकंद वीज जाते, म्हणून या मीटरसाठी ११२५ ला सेकंदांनी भागायचं. साडेसदतीस वॅट. दिवसरात्र असंच चाललं तर महिन्याला २७ युनिट.

[दृश्य : वॅटमीटरचा आकडा, जवळून]
आता वॅटमीटर लावून एकेकाची झडती, कोण किती वॅट खातं. मोबाइलचा नुसता लटकणारा चार्जर उगाच बदनाम आहे, आकडा जेमतेम हलतो. मायक्रोवेव्ह ३. होम थिएटर ७. सेट-टॉप बॉक्स ११. रिमोटनं बंद केला... अजूनही ११! पडद्यावरचं चित्र गेलं, पण खोक्याच्या आतली यंत्रणा जागीच आहे.

[दृश्य : टीव्ही युनिट भिंतीपासून ओढताना]
मग बोर्डावरचं बटण का नाही दाबत? कारण ते इथं आहे. सुतारानं युनिट बसवलं, त्या दिवसापासून त्याला कुणाचा हात लागलेला नाही. आपल्याकडे सॉकेटशेजारीच बटण असतं, केवढी सोय! ती आपण प्लायवूडमागे गाडून टाकतो. इथं बटणाचा एक्स्टेन्शन बोर्ड ओढून पुढे आणलाय. टीव्ही, बॉक्स, होम थिएटर, तिन्ही एका बटणावर. सकाळी बॉक्स सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून आजी कुरकुरतात. राउटरला हात लावायचा नाही, असं नातीनं बजावलंय.
पुढचं बिल १०८ वरून ९३ युनिटांवर आलं. शंभराच्या पुढचा चढा दर टळला.

[दृश्य : पुन्हा जिना, रात्र]
आजोबा पुन्हा मीटरपाशी. दिवा एकदा लुकलुकलाय. आता ते मोठ्यानं मोजतायत. अठ्ठ्याण्णव... नव्व्याण्णव... शंभर.
हं, आत्ता लुकलुकला.