सर्व्हर गाळ्यात ठेवावा की क्लाउडवर?

मंडळी, पावसाळ्यात सांगलीत भेटेल त्याला आपण आधी विचारतो, ‘आयर्विनला (कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला) पाणी किती?’ 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांवर गेलं. आज मला याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायचाय. तुमचा सर्व्हर, म्हणजे धंद्याचा सगळा डेटा सांभाळणारा कॉम्प्युटर, कुठल्या मजल्यावर आहे? मी पाहिलेल्या बऱ्याच पेढ्यांत तो तळमजल्यावर, टेबलाखाली, यूपीएसला खेटून असतो. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन फूट पाणी आलं की दोन्ही एकदम जातात.

महापुरानंतर अनेकांनी ठरवलं, आता सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या मशीनवर, टाकायचं. भीती खरी आहे, पण अख्ख्या धंद्याला एकच उत्तर लावू नका, एवढंच माझं म्हणणं. एकेक काम समोर घ्या आणि विचारा, हे किती वेळ बंद पडलं तर चालेल? यातल्या किती नोंदी गेल्या तर सोसवतील?

मार्केट यार्डातलं काम घ्या. हळदीचा सौदा झाला, पोती काट्यावरून उतरली, शेतकरी हिशोबपट्टीसाठी काउंटरला उभा आहे, आणि बाहेर रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने इंटरनेटची फायबर तोडली. बिलिंग पूर्णपणे क्लाउडवर असेल तर वजन, हमाली, तोलाई सगळं वहीवर मांडत बसायचं, आणि गावाकडे परतायच्या गाडीची वेळ झालेला माणूस ताटकळत राहणार. हे काम गाळ्यातल्या मशीनवरच झालं पाहिजे. त्याची प्रत मात्र तासातासाला बाहेर जाऊ द्या. ई-मेल, हजेरी, ऑर्डरी, सीएला पाठवायचे कागद खुशाल क्लाउडवर न्या. पुरात पेठ बंद असली तरी तुमचा माणूस विट्यात किंवा पुण्यात बसून ते काम ओढू शकतो.

मिरजेच्या दवाखान्यांचं गणित आणखी वेगळं. एका सीटी स्कॅनमध्ये शेकडो चित्रं असतात आणि डॉक्टरांना ती त्याच क्षणी हवी असतात. आता हिशोब करा. एक टीबी (टेराबाइट, म्हणजे हजार जीबी) डेटा 100 एमबीपीएसच्या (सेकंदाला 100 मेगाबिट वेगाच्या) लाइनने वर चढवायला 22 तास लागतात, तेही लाइन पूर्ण वेगाने सलग चालली तर. अपलोड 20 एमबीपीएस असेल तर साडेचार दिवस. जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो, तेव्हा अपलोड किती ते आवर्जून विचारा. दवाखान्यात सर्व्हर हवाच, पण वरच्या मजल्यावर. जुने स्कॅन रात्री सावकाश क्लाउडवर जाऊ देत.

पैशाचं बोलू. स्वतःचा सर्व्हर म्हणजे एकदाच खर्च, असं वाटतं. बॅटऱ्या, एसी, दुरुस्तीचा माणूस आणि पाच-सहा वर्षांनी नवं मशीन, हेही त्यात धरा. क्लाउडचं भाडं तर दरमहा. दुकान रात्री आठला बंद होतं, पण भाड्याचं मशीन आपण बंद केलं नाही तर त्याचं मीटर रात्रभर पळतं. साखर कारखान्यासारख्या ठिकाणी मात्र क्लाउड शोभतो. गळीत हंगामात ताकद वाढवायची, हंगाम संपला की कमी करायची. आणि एक गोष्ट करारावर सही करण्याआधी विचारा, डेटा परत न्यायचा झाला तर किती पैसे लागतील?

डेटा फार लांब जाईल, ही काळजी आता उरलेली नाही. मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर पुण्यात 2015 पासून आहेत, ॲमेझॉनची मुंबईत 2016 पासून. पण क्लाउडवर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला, हा समज मला फार घातक वाटतो. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांनी दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली नव्हती, त्यांतल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. ‘टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) क्लाउडवर’ म्हणून विकलं जातं तेही अनेकदा भाड्याचं कॉम्प्युटर आणि रिमोट डेस्कटॉप, म्हणजे तो कॉम्प्युटर लांबून चालवायची सोय, एवढंच असतं. तो रिमोट डेस्कटॉप साध्या पासवर्डवर इंटरनेटला उघडा असेल, तर रॅन्समवेअरवाल्यांना, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांना, दार सताड उघडंच आहे. ओटीपीशिवाय लॉगिन देऊ नका.

तुमच्यात कुणाची प्रायव्हेट लिमिटेड असेल, आणि हिशोब कॉम्प्युटरवर असतील, तर कंपन्यांच्या हिशोबाच्या नियमांतल्या ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीनंतर हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असणं कायद्याने बंधनकारक आहे. सीएंना विचारून घ्या.

घरी गेल्यावर पहिलं काम हे करा. एक कोरा लॅपटॉप घ्या, घड्याळ लावा आणि कालच्या बॅकअपवरून सगळं उभं करून पाहा. काल संध्याकाळचं शेवटचं बिल त्यात दिसतं का, त्याचा नंबर आणि रक्कम कागदी प्रतीशी जुळते का, हे स्वतः तपासा, मुनीमजींवर सोपवू नका. किती तास लागले ते लिहून ठेवा. क्लाउडवाला असो की सर्व्हर विकणारा, भावाचं बोलणं सुरू करण्याआधी तो आकडा त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, यापेक्षा कमी वेळात करून दाखव.