मोटार तीच ठेवा: परसातल्या कोई हौदाचा उपसा आणि गाळणी

(दृश्य: पुण्यातल्या एका बंगल्याचं परस. हौदात हिरवं पाणी. मासे वर आले तरच दिसतात.)

हा हौद ४ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल आहे. तिन्ही मापांचा गुणाकार करून १,००० ने गुणलं की लिटर कळतात. इथे येतात १२,०००. आत कोई मासे आहेत, म्हणजे साध्या कॉमन कार्पचेच वंशज, जपानच्या निइगाता भागात रंगासाठी पिढ्यान्पिढ्या निवडून वाढवलेले. तळ उकरत खाणं हा त्यांचा स्वभाव. खातात भरपूर आणि घाणही तेवढीच करतात.

मोटारीच्या पाटीवर लिहिलंय: ताशी १०,००० लिटर. काठावर फिल्टरची निळी पिंपंही उभी आहेत. तरीही पाणी हिरवं. अशा हौदाच्या मालकाला दुकानात बहुतेक एकच सल्ला मिळतो, मोटार मोठी घ्या. तो ऐकण्याआधी घरातली २० लिटरची बादली आणा.

(दृश्य: फिल्टरमधून हौदात परत पडणाऱ्या धारेखाली बादली. मोबाइलवर सेकंद मोजले जातात.)

बादली भरायला लागले २० सेकंद. लिटरला सेकंदांनी भागा, ३,६०० ने गुणा. ताशी ३,६०० लिटर. १०,००० ची मोटार, आणि हौदात परत येतंय त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. हे मोजमाप नेहमी फिल्टरनंतरच्या धारेवर करा आणि तीनदा करून सरासरी काढा. मोटारीच्या तोंडाशी मोजलं तर वाटेतली गळती, अडथळा काहीच कळत नाही. कोईच्या हौदातलं सगळं पाणी एक ते दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरायला हवं. इथे त्याला ३ तास २० मिनिटं लागतायत.

पाटीवरचा आकडा खोटा नाही, पण तो शून्य हेडचा (हेड म्हणजे पाणी ढकलायला लागणारा जोर, उंचीच्या मीटरमध्ये मोजलेला) आहे. म्हणजे पाणी वर चढवायचं नाही, पाइपही जोडलेला नाही, अशा अवस्थेतला. त्याच पाटीवर दुसरा आकडा असतो, कमाल हेड. या मोटारीचं ते ५ मीटर आहे. एवढ्या उंचीवर पाणी नुसतं टेकतं, बाहेर एक थेंब पडत नाही. आपलं काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतं. ते नेमकं कुठे, हे ठरतं पाणी किती वर चढतं आणि पाइपात किती घासतं यावर.

(दृश्य: मोटारीपासून पिंपापर्यंत गेलेला काळा नळीपाइप. कॅमेरा पाइपाबरोबर सरकतो.)

पाण्याची पातळी ते पिंपाचं तोंड, चढ १.२ मीटर. तो काही फार नाही. खरा खर्च या पाइपात आहे. १ इंची नळी, ९ मीटर लांब, मध्ये ५ काटकोनी एल्बो. ताशी ३,६०० लिटर पाणी १ इंची नळीतून जाताना सेकंदाला २ मीटर वेगानं धावतं, आणि दर मीटर पाइपमागे सुमारे २० सेंटिमीटर हेड घर्षणातच संपतं. एक काटकोनी एल्बो त्याच व्यासाच्या साधारण ३० पट लांबीच्या सरळ पाइपाएवढा अडथळा करतो. १ इंची पाइपावर ५ एल्बो म्हणजे जवळपास पावणेचार मीटर पाइप फुकट वाढला.

आता उलट बाजूनं बघा. पाणी तेवढंच ठेवून पाइपाचा व्यास दुप्पट केला, तर घर्षण अर्ध्यावर येत नाही, साधारण बत्तिसाव्या हिश्श्यावर येतं. व्यासाचा पाचवा घात यात येतो. म्हणून १ इंचीच्या जागी २ इंची पीव्हीसी टाकणं हा या सगळ्या कामातला सर्वात स्वस्त आणि सर्वात मोठा बदल आहे. मोटारीचं तोंड सव्वा इंची असेल तर तिथल्या तिथे रिड्यूसर (व्यास बदलणारा जोड) लावून लगेच २ इंचीवर जा. काटकोन शक्य तिथे टाळा. दोन ४५ अंशांचे बेंड, मध्ये हातभर पाइप. मोटारीजवळ युनियन (फिरवून सोडता येणारा जोड) ठेवा, म्हणजे साफसफाईला पाइप कापावा लागणार नाही. उपसा कमी करायचा झालाच तर व्हॉल्व्ह डिलिव्हरीच्या, म्हणजे पाणी बाहेर पडण्याच्या, बाजूला आवळा. सक्शनला, म्हणजे पाणी आत ओढण्याच्या बाजूला, कधीही नको. तिथे आवळलं की इम्पेलरपाशी (मोटारीतलं पाणी ढकलणारं फिरतं चक्र) पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटतात आणि पाती खाल्ली जातात.

मोठ्या मोटारीचं काय होतं, तेही सांगायला हवं. बरेच जण घरच्या टाकीची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक हौदाला लावतात. ती उंच चढवायला बनवलेली. सुमारे ५०० वॉट खेचते, चोवीस तासांत १२ युनिट. हौदाची मोटार १२० वॉटची, दिवसाला तीन युनिटांच्या आत. १ इंची नळीत दुप्पट पाणी दाबायचं तर चौपट हेड लागतं, आणि त्याचं बिल दर महिन्याला येतं.

(दृश्य: पिंपाचं झाकण उघडतं. स्पंज काळे. दाबल्यावर बारीक काळपट गाळ बाहेर येतो.)

हा गाळ हातात चोळून बघा. पिठासारखा मऊ आहे. मासा विष्ठा टाकतो तेव्हा ती अखंड असते आणि तळाशी बसते. इथे मोटारच तळात ठेवली होती. तिच्या इम्पेलरनं ती दळली आणि मग फिल्टरकडे पाठवली. दळलेली घाण स्पंजात खोल शिरते, छिद्रं बंद करते, उरलेली थेट हौदात परत येते. त्याच स्पंजावर अमोनिया पचवणारे जीवाणू राहायला हवेत, आणि ते गाळाखाली गुदमरतात. स्पंज कितीही भारी आणला तरी हे चालूच राहतं. क्रम बदलायला हवा. आधी गाळ बसू द्या, मग गाळा, मग जीवाणूंकडे पाठवा. मोटार सगळ्यात शेवटी, स्वच्छ पाण्यात.

(दृश्य: हौदाशेजारी खड्डा. कोअर कटिंगचं मशीन भिंतीला लावलंय.)

त्यासाठी फिल्टर काठावरून खाली, जमिनीत यायला हवा. हौदाची पातळी आणि फिल्टरच्या चार टाक्यांची पातळी एक राहिली की पाणी आपोआप वाहतं. मोटार फक्त शेवटच्या टाकीतून उचलून हौदात टाकते, चढ उरतो ३० सेंटिमीटर.

मासे आधी हलवले आहेत, जाळी लावलेल्या टाकीत, हौदाच्याच पाण्यात, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून. जुने स्पंज फेकलेले नाहीत. तेही त्याच टाकीत हवेखाली ठेवलेत. त्यांच्यावरचे जीवाणू नव्या फिल्टरचं बियाणं आहेत.

भिंतीत तळालगत ५ इंची भोक पाडून ११० मिलिमीटरचा पाइप घातला जातो. भोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटनं भरायची आणि वरून इपॉक्सी. साधं सिमेंट उघडं राहिलं तर त्यातला चुना पाण्यात उतरून पीएच चढवतो. पाइपाच्या तोंडाला जाळी हवी, पण छिद्रं बोटभर. बारीक जाळी दोन दिवसांत शेवाळानं बुजते.

पुण्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात प्लॅस्टिकची टाकी नुसती पुरली तर पहिल्याच पावसाळ्यात तिचं पोट आत दबतं. म्हणून खड्डा सगळीकडून वीतभर जास्त खणा, तळाला मुरूम कुटून घ्या, बाजूनं वीटकाम किंवा मुरूम भरा, आणि भरताना टाकीतही त्याच उंचीनं पाणी चढवत न्या. रिकामी टाकी भर पावसात भूजल चढलं की वर उचलली जाते.

(दृश्य: पहिल्या टाकीत पाणी गोल फिरू लागतं. गाळ मधोमध जमतो.)

पहिली टाकी ५०० लिटरची. हौदाचा पाइप तिच्यात कडेनं तिरपा शिरतो, त्यामुळे पाणी गोल फिरतं आणि जड घाण मध्यभागी खाली बसते. बाहेर जायचा पाइप मधोमध, वरच्या बाजूला. तळाला २ इंची ड्रेन व्हॉल्व्ह. आठवड्यातून दोनदा तो झटक्यात पूर्ण उघडा. हौदातून येणाऱ्या ११० मिलिमीटरच्या पाइपात पाणी संथ चालतं, वाटेत गाळ बसतो. या झटक्यानं तोही निघून येतो. ते पाणी फुलझाडांना घाला.

दुसऱ्या टाकीत ब्रश, उभे आणि एकमेकांना खेटून. तरंगणारी घाण त्यांत अडकते. तिसऱ्या टाकीत जपानी मॅट (प्लॅस्टिकच्या तंतूंची जाळीदार चटई), तिच्या शेजारी जुने स्पंज. मॅटखाली हवेची नळी. मॅटऐवजी फिरते प्लॅस्टिक मीडिया, म्हणजे जीवाणू बसायचे छोटे तुकडे, घालत असाल तर टाकीचा निम्मा भागच भरा, जास्त भरले तर ते फिरत नाहीत.

चौथ्या टाकीत मोटार. इथे एक धोका आहे. ब्रश तुंबले की या टाकीत पाणी कमी येतं, मोटार मात्र उपसत राहते, पातळी खाली जाते आणि मोटार कोरडी पडून जळते. फ्लोट स्विच (पातळी उतरली की मोटार बंद करणारा) लावा. भिंतीवर खूण करा. मोटार चालू असताना पातळी हौदापेक्षा ३ ते ५ सेंटिमीटर खाली असणं ठीक, १० च्या पुढे गेली की ब्रश धुवायची वेळ झाली. विजेच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा.

(दृश्य: चाचणी किटच्या नळ्या, रंगपट्टी.)

आता न दिसणारं काम. प्रथिनं साधारण ३५ टक्के असलेलं १०० ग्रॅम खाद्य घातलं की त्यातून सुमारे ३ ग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात उतरतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. या कामात ते ऑक्सिजन खातात आणि पाण्याची क्षारता, म्हणजे केएच, खातात. १०० ग्रॅम खाद्यामागे जवळपास ४० ग्रॅम खाण्याच्या सोड्याइतकी. पुण्यात धरणातून येणारं नळाचं पाणी मऊ, केएच मुळात कमी. बोअरचं पाणी बेसाल्टातून येतं, ते कठीण. नळाच्या पाण्यावरचा हौद दोन-तीन महिने सुरळीत चालतो आणि मग एके दिवशी पीएच कोसळतो, कारण राखीव क्षारता संपलेली असते. केएच ५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. दर १,००० लिटरला ३० ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की साधारण १ अंश वाढतो. या हौदाला ३६० ग्रॅम. बादलीत विरघळवून धारेखाली हळूहळू ओता, एका दिवसात १ अंशापेक्षा जास्त नको.

मॅट नळाच्या पाण्यानं कधीच धुवू नका, क्लोरीननं जीवाणू मरतात. हौदाचंच पाणी बादलीत घ्या, मॅट त्यात हलवा, पुरे. ब्रश आणि मॅट एकाच दिवशी धुवू नका. नवा फिल्टर बसायला ४ ते ६ आठवडे लागतात, जुने स्पंज असतील तर कमी. तोवर खाद्य निम्मं, आणि अमोनिया व नायट्राइट एक दिवसाआड तपासा. अमोनिया चढला की कल्ले जळतात.

हिरवं पाणी हे तरंगत्या एकपेशीय शेवाळाचं काम. त्याला यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा, या हौदाला ३६ वॉटचा, मोटारीनंतरच्या पाइपावर. भिंतीला चिकटणाऱ्या लांब शेवाळावर त्याचा उपयोग नाही. दिवा निळा दिसत राहतो, पण वर्षाच्या ८,७६० तासांनंतर त्याचं कामाचं किरण बरंच घटलेलं असतं. वर्षाला दिवा बदला. बोअरच्या पाण्यात काचेच्या नळीवर पांढरा थर बसतो, तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून काढा. मोटारीच्या रोटरवरही हाच थर, हाच उपाय.

(दृश्य: तीच बादली, नव्या धारेखाली.)

९ सेकंद. ताशी ८,००० लिटर, म्हणजे सगळा हौद दीड तासात एकदा. मोटार तीच, युनिटही जवळपास तितकेच.

वीज गेली तर हवेचा छोटा पंप इन्व्हर्टरवर ठेवा आणि त्याची एक नळी मॅटच्या टाकीत सोडा, दुसरी हौदात. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, आणि पहाटे सगळ्यात कमी असतो. हवेशिवाय फिल्टर काही तास बंद राहिला, तर मॅटमधलं पाणी कुजतं. वीज आल्यावर ते तसंच हौदात जाऊ देऊ नका. आधी सगळ्या टाक्यांचे ड्रेन उघडा, डिलिव्हरीचा पाइप युनियनपाशी सोडवून पहिली दोन-तीन मिनिटं पाणी बाहेर काढा, वास घ्या, वास गेला की मगच पाइप जोडा.