मेंदूचे काम आणि रक्ताचा पुरवठा

श्रोतेहो, मेंदूचे जे रंगीत चित्र वर्तमानपत्रात छापून येते आणि ज्याच्याखाली 'भीती वाटताच हा भाग उजळला' असे लिहिलेले असते, ते चित्र काढणाऱ्या एमआरआय यंत्राला चेतापेशींचे काम मुळी दिसतच नाही. त्याला दिसते ते रक्त, आणि रक्तावरून आपण कामाचा अंदाज बांधतो. हा अंदाज कितपत खरा मानायचा, एवढाच आजचा विषय आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के एकटा मेंदू वापरतो. संदेशवहनाच्या वेळी पेशींत शिरलेले सोडियमचे आयन पुन्हा बाहेर काढण्यातच यातली बरीच ऊर्जा खर्ची पडते. शिल्लक साठा नगण्य असल्यामुळे पुरवठा पूर्ण थांबला, तर काही सेकंदांतच शुद्ध हरपते.

आपल्या ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली सुरू झाले. त्याच्या तीन वर्षे आधी रॉय आणि शेरिंग्टन यांनी असे मांडले होते की, मेंदूचा जो भाग काम करतो तो आपल्यापुरता रक्तपुरवठा वाढवून घेतो. पुढे १९२८ मध्ये फुल्टन यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या मेंदूच्या मागच्या, म्हणजे दृष्टीच्या भागात रक्तवाहिन्यांचा विकृत गुंता होता आणि डोक्याच्या मागे स्टेथोस्कोप लावला की त्यातून वाहणाऱ्या रक्ताची घरघर ऐकू येई. तो वाचू लागला की ही घरघर वाढे. वास घेताना मात्र तसे होत नसे. पुढच्या कितीतरी महागड्या यंत्रांनी जे दाखवले, ते इथे कानाला ऐकू आले होते.

खरी गंमत पुढेच आहे. १९८६ मध्ये फॉक्स आणि रेकल यांनी स्वयंसेवकांच्या बोटांना कंपने देऊन मोजणी केली, तेव्हा मेंदूच्या संबंधित भागातला रक्तप्रवाह सुमारे २९ टक्क्यांनी वाढलेला आढळला, प्राणवायूचा वापर मात्र जेमतेम ५ टक्क्यांनी. पंगतीत एकाने पोळी मागावी आणि वाढप्याने अख्खी परात घेऊन यावे, तसा हा प्रकार. असे का होते, यावर अजून एकमत नाही. परंतु याच जादा पुरवठ्यावर एमआरआयचे चित्र उभे आहे. प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित बिघाड करते, हे पॉलिंग आणि कोरियेल यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. ताजे रक्त गरजेपेक्षा जास्त आले की त्या भागात अशा हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते आणि यंत्राला मिळणारा संकेत वाढतो. सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे तत्त्व मेंदूच्या चित्रणासाठी वापरले.

चेतापेशींचा व्यवहार मिलिसेकंदांत उरकतो. रक्ताचा प्रतिसाद शिखरावर पोहोचायला पाच-सहा सेकंद लागतात. शिवाय हा प्रतिसाद रक्तवाहिन्यांच्या लवचिकपणावर अवलंबून असतो. तपासणीपूर्वी घेतलेली कॉफीसुद्धा मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसवते, मग मानेतली धमनी अरुंद झालेल्या वृद्धाची काय कथा? त्याच्या पेशी व्यवस्थित काम करत असल्या तरी चित्र फिकट येऊ शकते. म्हणून काही तपासण्यांत रुग्णाला थोडा वेळ श्वास रोखायला सांगतात: रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की निरोगी रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि त्या रुंदावल्या नाहीत तर दोष पेशींच्या माथी मारण्याआधी डॉक्टरांनी वाहिन्यांकडे पाहायचे असते.