खड्ड्याचा मालक कोण?

(दृश्य : पाऊस, मुंबईतला एक चौक. चाक पाण्यात उतरतं.)

पाण्याखाली रस्ता आहे की खड्डा, ते चाक आत गेल्यावरच कळतं.

(डांबराची कड, जवळून)

ही कड बघा. अलीकडचं डांबर एका कार्यालयाचं, पलीकडचं दुसऱ्याचं. खड्डा बरोबर मधोमध. इथे स्कूटरवरून पडलेल्या ताई दोन्हीकडे जाऊन आल्या. दोन्हीकडे तेच उत्तर : आमच्या हद्दीत येत नाही.

(दोन खिडक्या, दोन रांगा)

सरकारी हलगर्जीपणामुळे इजा झाली तर सरकारकडून भरपाई मागता येते? येते. पण सरकारची ही जबाबदारी नेमकी किती, ते सांगणारा संसदेचा स्वतंत्र कायदा नाही. तो करा, असं विधी आयोगाने १९५६ सालीच, आपल्या पहिल्या अहवालात सुचवलं होतं. विधेयकं आली आणि बारगळली. उरलं संविधानाचं कलम ३००. ते म्हणतं, संविधानापूर्वी सरकारवर जसा दावा चालायचा, तसाच आताही चालेल. मग पूर्वी कसा चालायचा?

(कोलकाता, खिदिरपूर गोदी. हुगळीवरून सरकत जाणारा कॅमेरा)

त्यासाठी इथे यावं लागतं. पेनिन्सुलर अँड ओरिएंटल या जहाज कंपनीची घोडागाडी सरकारी गोदीतून चालली होती. समोर कामगार धुराड्याचा अवजड लोखंडी भाग उचलून नेत होते, तोही रस्त्याच्या मधून. गाडीवानाने हाक दिली. कामगार गडबडले आणि त्यांनी लोखंड जागीच टाकलं. त्या आवाजाने घोडे बिथरले, पुढे धावले, लोखंडावर आदळले. एक घोडा जखमी झाला.

कंपनीने साडेतीनशे रुपये मागितले. १८६१ साली तिथले मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. गोदी काय, खाजगी माणूसही चालवतो. अशा कामात नोकर चुकला तर सरकारने भरून द्यावं. मात्र जे काम फक्त राज्यसत्ताच करू शकते, त्यात दावा चालणार नाही.

ही फट पुढे शंभर वर्षं सरकारच्या कामी आली.

(जुन्या निकालपत्रांची पानं)

उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीहून परतताना एका पादचाऱ्याला धडकली, त्यात तो दगावला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, राजस्थान सरकारने भरपाई द्यावी. दोनच वर्षांनी दुसरं प्रकरण आलं. मेरठच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं, हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. न्यायालयाने सांगितलं, अटक आणि जप्ती ही राज्यसत्तेची कामं, सरकार देणं लागत नाही. सोनं सरकारच्याच ताब्यातून गेलं होतं! पुढच्या निकालांनी या भेदाची धार बरीच बोथट केली.

(मुंबई उच्च न्यायालय, बाहेरून)

आणि रस्ता? रस्ता नीट ठेवणं कुठल्या राजसत्तेचं गूढ काम आहे? खड्ड्यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली स्वतःहून हाती घेतला. २०१८ मध्ये सांगितलं, चांगला रस्ता हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तरी खड्डे राहिले. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये आकडेच ठरले : खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, इजेसाठी ५० हजार ते अडीच लाख. रक्कम ठरवायला समिती. पैसा आधी यंत्रणेने द्यायचा, नंतर दोषी अधिकारी आणि ठेकेदारांकडून वसूल करायचा.

म्हणजे हद्दीचा वाद त्यांनी आपसात मिटवावा. जखमी माणसाने नकाशा घेऊन का फिरायचं?

(ताई, कुबड्या, जिना)

ताईंची नोकरी गेली.

(टेबलावर फाइल : फोटो, केसपेपर, पोलिसांतली नोंद)

समितीकडे जाताना हे कागद कामी येतात. याहून मोठ्या रकमेचा दिवाणी दावा लावायचा असेल, तर घड्याळ वेगळं. मुंबई महापालिकेसाठी तिच्याच अधिनियमाचं कलम ५२७ : आधी महिनाभराची लेखी नोटीस, आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा. राज्य सरकार असेल तर नोटीस दोन महिन्यांची. हाड जुळेपर्यंत थांबू, असं म्हणणाऱ्यांचे त्यातले कितीतरी दिवस प्लास्टरमध्येच जातात.